संगणकाचा ताप

कोणत्याहि यंत्राचा इतिहास लिहितांना त्या यंत्रानें काय साधलें हें सांगण्याकडे इतिहासकाराचा स्वाभाविक कल असतो. तें साधतांना त्यास काय सोसावें लागलें, ही गोष्ट बहुधा अनुक्तच राहते. संगणकाच्या बाबतींत असेंच झालें आहे. एके काळीं मोठा दिवाणखाना व्यापणारें यंत्र आज खिशांत मावतें, आणि तरीहि त्या जुन्या यंत्राच्या लक्षावधि पट काम करतें, ही कथा सुशिक्षित घरांतील लहान मुलासहि ठाऊक असते. ती कथा खरी आहे. परंतु ती अर्धी आहे. तिचा दुसरा अर्धा भाग उष्णतेचा आहे. संगणकास अधिकाधिक हिशेब करावयास लावणाऱ्या माणसांच्या मागोमाग, त्या हिशेबांपासून उत्पन्न होणारी उष्णता कोठें आणि कशी न्यावी ह्याची विवंचना करणारीं माणसें प्रत्येक पिढींत उभीं राहिलीं. पहिल्यांचीं नांवें ग्रंथांत आलीं. दुसऱ्यांचीं क्वचितच आलीं. तथापि यंत्रानें किती वेगानें चालावें, ह्याचा शेवटचा निर्णय पुष्कळ वेळां ह्या दुसऱ्या वर्गाच्या यशापयशावर अवलंबून राहिला आहे.

ह्या तापाचें मूळ संगणकाहून शंभर वर्षांनीं जुनें आहे. इंग्लंडांत मँचेस्टरनजीक सॅलफर्ड येथें १८१८ सालीं जन्मलेल्या जेम्स प्रेस्कॉट जूल ह्या गृहस्थाचा घरचा धंदा बिअर गाळण्याचा. परंतु त्याची ओढ विजेच्या प्रयोगांकडे होती. तारेंतून वीज वाहूं लागली म्हणजे तार तापते, हें लोकांस दिसतच होतें. ती किती तापते ह्याचा नियम जूलनें १८४१ सालीं प्रसिद्ध केला. प्रवाह दुप्पट केला तर उष्णता दुप्पट होत नाहीं, चौपट होते, असा त्याचा इत्यर्थ आहे. आजवर कोणत्याहि कारागिरास हा नियम मोडतां आलेला नाहीं. फार तर तो कमी जाचक होईल अशा युक्त्या काढतां आल्या. संगणकाच्या बाबतींत तर हा जाच विशेष आहे. पाण्याचा पंप वीज घेतो आणि त्या विजेच्या मोबदल्यांत पाणी वर चढवितो. गिरणी वीज घेते आणि पीठ देते. संगणक मात्र कोणतेंहि ओझें उचलीत नाहीं. तो जी वीज घेतो, ती जवळ जवळ सर्वच्या सर्व उष्णतेच्या रूपानें परत देतो. १०० वॅट वीज खाणारा संगणक आणि १०० वॅटची शेगडी ह्यांत खोली तापविण्यापुरता कांहींहि भेद नाहीं. हिशेबाचें उत्तर हें ह्या शेगडीवर मिळालेलें वरकड होय, असें म्हटलें तरी अतिशयोक्ति होणार नाहीं.

पहिल्या मोठ्या इलेक्ट्रॉनी संगणकाच्या जनकांस ह्या गोष्टीची पुरती जाणीव होती. अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत बांधलेलें ‘एनिॲक’ हें यंत्र १९४६ च्या फेब्रुवारींत लोकांपुढें आलें. तोफगोळ्यांच्या मार्गांचे हिशेब करण्यासाठीं लष्करानें तें बांधवून घेतलें होतें. त्याचें वजन सुमारें ३० टन होतें. त्यांत सुमारें १८,००० व्हॉल्व्ह होते. आणि त्यास सुमारें १५० किलोवॅट वीज लागे. जुन्या पिढींतील ज्या कुटुंबांनीं व्हॉल्व्हचा रेडिओ वापरला आहे, त्यांस व्हॉल्व्ह म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. बटण फिरविल्यावर आंतील कांचेच्या नळ्या हळूहळू तांबूस होत, आणि त्या तापल्यावांचून आवाज म्हणून येत नसे. तासाभरानें संचाच्या मागील बाजूस हात धरवत नसे. चार-पांच नळ्यांची ही कथा, तर अठरा हजारांची काय असेल! भागाकार करून पाहिला तर प्रत्येक नळीमागें सुमारें ८ वॅट पडतात. ही उष्णता बाहेर काढण्यासाठीं यंत्राच्या कपाटांतून मोठमोठ्या पंख्यांनीं हवा खेळविली होती.

एनिॲकचे प्रमुख अभियंते जे. प्रेस्पर एकर्ट हे त्या वेळीं पंचविशींतील तरुण होते. इतक्या नळ्यांपैकीं एक ना एक सतत जळत राहील आणि यंत्र कधींच धड चालणार नाहीं, अशी शंका अनेक जाणत्यांनीं बोलून दाखविली होती. एकर्ट ह्यांनीं तिचें उत्तर दिलें तें मोठें व्यवहारी होतें. नळीच्या कारखानदारानें जितका विजेचा दाब चालेल म्हणून सांगितलें होतें, त्याहून बराच कमी दाब त्यांनीं वापरला. पुढें असेंहि आढळून आलें कीं नळ्या जळतात त्या मुख्यत्वेंकरून यंत्र चालूं करतांना आणि बंद करतांना. कारण तापणें आणि निवणें ह्यांच्या ओढाताणींत आंतील बारीक तार तुटते. म्हणून यंत्र शक्य तों बंदच करावयाचें नाहीं, असा परिपाठ ठेवण्यांत आला. ह्या दोन उपायांनीं नळी जळण्याचें प्रमाण सुमारें दोन दिवसांस एक इतकें खालीं आलें. संगणकाच्या इतिहासांतील हा पहिला धडा होय: यंत्राची ताकद आहे तेवढी सगळी वापरूं नये, आणि उष्णतेचे हेलकावे उष्णतेइतकेच घातक असतात.

हाच प्रश्न कांहीं वर्षांनीं मुंबईंत उभा राहिला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रंगस्वामी नरसिंहन् ह्यांच्या नेतृत्वाखालीं बनविलेला आणि १९६० पासून नियमानें काम करूं लागलेला संगणक हा भारतांत अभिकल्पिलेला पहिला पूर्ण आकाराचा इलेक्ट्रॉनी संगणक होय. १९६२ सालीं त्यास ‘टिफ्रॅक’ असें नांव मिळालें. त्यांत सुमारें २,७०० व्हॉल्व्ह होते. एनिॲकच्या मानानें ही संख्या लहान. पण समुद्रकांठच्या दमट, उष्ण हवेंत इतक्या तप्त नळ्या रात्रंदिवस सांभाळणें हें काम लहान नव्हतें. हें यंत्र उभें राहीपर्यंत मात्र पश्चिमेकडे व्हॉल्व्हचें युग संपत आलें होतें.

अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डिसेंबर १९४७ मध्यें ट्रान्झिस्टरचा शोध लागला. बार्डीन, ब्रॅटन आणि शॉक्ली ह्या तिघां शास्त्रज्ञांस त्याबद्दल १९५६ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. ट्रान्झिस्टरांत तापवावयाची तारच नाहीं. म्हणून तो थंड राहतो. उष्णतेचा प्रश्न आतां कायमचा मिटला, असें त्या वेळीं वाटणें साहजिक होतें. परंतु उष्णतेनें संगणकाची पाठ सोडल्याची आशा माणसानें जेव्हां जेव्हां केली, तेव्हां तेव्हां तिनें दुसऱ्या दारानें प्रवेश केला आहे. एक ट्रान्झिस्टर थोडा तापतो हें खरें. पण जेथें एक व्हॉल्व्ह बसे तेथें शेंकडों ट्रान्झिस्टर बसूं लागले. १९५८ सालीं जॅक किल्बी ह्यांनीं आणि १९५९ सालीं रॉबर्ट नॉइस ह्यांनीं एकाच चकतीवर अनेक घटक घडविण्याची रीत काढली. लौकरच त्यांची संख्या वर्षाकांठीं दुप्पट होऊं लागली. ही वाढ प्रथम नोंदविणारे गॉर्डन मूर ह्यांनीं १९६५ च्या एप्रिलांतील आपल्या प्रसिद्ध लेखांतच उष्णतेचा प्रश्न उपस्थित केला होता. सिलिकॉनच्या एका तुकड्यावर हजारों घटक दाटीनें बसविल्यावर त्यांची उष्णता काढतां येईल काय, हा तो प्रश्न. काढतां येईल, असें त्यांनीं उत्तर दिलें. कारण घटक जितका लहान, तितकी त्यास वीज कमी लागणार. हें उत्तर पुढें चाळीस वर्षें पुरलें, पण कायमचें पुरलें नाहीं.

मध्यंतरीं मोठ्या यंत्रांच्या जगांत उष्णतेनें आपलें खरें रूप दाखविलें. सेमूर क्रे ह्यांचा ‘क्रे-१’ हा महासंगणक १९७६ सालीं अमेरिकेंतील लॉस ॲलॅमॉस येथील प्रयोगशाळेंत दाखल झाला. त्याचा आकार इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा होता, आणि भोंवतीं बसण्यासाठीं गादीचे बाक केलेले दिसत. त्या बाकांखालीं वीजपुरवठ्याचीं उपकरणें दडविलेलीं होतीं. हें यंत्र सुमारें ११५ किलोवॅट वीज घेई. इतकी उष्णता पंख्यांच्या आवांक्यांतील नव्हती. म्हणून मंडलांच्या दोन दोन पट्ट्यांमध्यें तांब्याचा पत्रा घालून त्या पत्र्याच्या कडा ॲल्युमिनियमच्या उभ्या खांबांत बसविल्या, आणि त्या खांबांतून जाणाऱ्या पोलादी नळ्यांतून शीतकपाटांत वापरतात तसा फ्रिऑन फिरविला. कल्पना सोपी दिसते. परंतु नळ्यांच्या सांध्यांतून फ्रिऑन व त्याबरोबरचें तेल झिरपून मंडलांवर पसरूं लागलें, आणि जोडकामाची नवी रीत शोधून काढल्यावरच यंत्र मार्गी लागलें. महासंगणकाचें भवितव्य कांहीं काळ गणितज्ञांच्या हातीं नव्हतें. तें नळजोडणी करणाऱ्या कारागिरांच्या हातीं होतें.

त्याच्या पुढच्या ‘क्रे-२’ मध्यें, म्हणजे १९८५ सालीं, सेमूर क्रे ह्यांनीं त्याहून धाडसी उपाय योजिला. सर्व मंडलें एका वीज न वाहणाऱ्या, रंगहीन द्रवांत बुडवूनच टाकलीं. पाण्यांत विजेचें यंत्र बुडविणें म्हणजे त्याचा नाश. पण हा फ्लोरिनयुक्त द्रव विजेस मुळींच वाट देत नाहीं. यंत्र चालूं असतां तो द्रव मंडलांमधून वाहत राही, आणि शेजारच्या पारदर्शक हौदांत त्याचा प्रवाह डोळ्यांनीं दिसे.

त्याच सुमारास आय.बी.एम. ह्या कंपनीनें एक निराळी वाट धरली. १९८० सालीं जाहीर झालेल्या तिच्या ‘३०८१’ ह्या यंत्रांत चिनी मातीसारख्या पदार्थाच्या सुमारें ९ सेंटिमीटर चौरस फरशीवर शंभराहून अधिक सिलिकॉनचे तुकडे बसविलेले होते. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर ॲल्युमिनियमचा एकेक दट्ट्या स्प्रिंगनें दाबून धरलेला असे, आणि दट्ट्यांची उष्णता वरच्या पाण्यानें थंड केलेल्या पट्टीस जाई. येथें एक बारीक अडचण होती. दट्ट्या कितीहि दाबला तरी तो तुकड्यास सर्वांगीं टेकत नाहीं. मध्यें पोकळी राहतेच. त्या पोकळींत हवा ठेवण्याऐवजीं हेलियम वायु भरण्यांत आला, कारण हेलियम हवेच्या सुमारें सहापट उष्णता वाहून नेतो. नळ, पाणी, दट्ट्ये हा सारा खटाटोप एका बाजूस आणि केसाएवढ्या फटीमध्यें काय भरावें हा प्रश्न दुसऱ्या बाजूस. आणि दुसरा सोडविल्याखेरीज पहिल्याचा उपयोग नाहीं. घरांतल्या लहान संगणकांतहि हाच प्रश्न पुढें जसाच्या तसा उतरला.

परंतु घरगुती संगणकाचा जन्म झाला तेव्हां त्यास ताप असा नव्हताच. १९८१ सालीं आय.बी.एम.नें बाजारांत आणलेल्या वैयक्तिक संगणकांतील इंटेल ‘८०८८’ ह्या प्रोसेसरच्या डोक्यावर धातूचा ठोकळा नव्हता कीं पंखा नव्हता. पुढें १९६३ पासून ज्ञात असलेली ‘सीमॉस’ नांवाची रचना सर्वत्र पसरली. तींत स्थिति बदलते त्या क्षणींच काय ती वीज वाहते, एरवीं जवळ जवळ नाहीं. ह्या रचनेच्या बळावर मोठ्या यंत्रांतील पाण्याचे नळहि १९९० नंतरच्या दशकांत कांहीं काळ अदृश्य झाले. आय.बी.एम.मधील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं १९७४ सालीं असें दाखविलें होतें कीं घटकाची लांबी-रुंदी आणि विजेचा दाब हीं एकाच प्रमाणांत कमी केलीं, तर तुकड्याच्या दर चौरस मिलिमीटरमागें उष्णता वाढत नाहीं. दुसरी आशा ती हीच.

हीहि आशा टिकली नाहीं. दाब एका मर्यादेपलीकडे उतरवितां येईना, आणि घटक इतके सूक्ष्म झाले कीं बंद अवस्थेंतहि त्यांतून वीज झिरपूं लागली. १९९३ सालीं निघालेल्या पहिल्या ‘पेंटियम’ प्रोसेसरची गति ६६ मेगाहर्ट्झ होती आणि तो सुमारें १५ वॅट उष्णता टाकी. त्याच्या माथ्यावर ठोकळा व पंखा आले. २००४ सालच्या ‘पेंटियम-४’च्या वेगवान प्रकारांत गति ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत चढली आणि उष्णता १०० वॅटच्या पलीकडे गेली. ही उष्णता निघे ती एक चौरस सेंटिमीटरहून किंचित् मोठ्या तुकड्यांतून. कपड्यांची १,००० वॅटची इस्त्री आपली उष्णता तळहाताहून मोठ्या तळावर पसरविते; त्या मानानें ह्या तुकड्याच्या दर चौरस सेंटिमीटरमागची उष्णता दसपटीहून अधिक ठरते. इंटेलचे एक वरिष्ठ अधिकारी पॅट गेल्सिंगर ह्यांनीं २००१ सालींच एका परिषदेंत बजावलें होतें कीं हा क्रम असाच चालला, तर प्रोसेसरमधील उष्णतेची दाटी प्रथम अणुभट्टीच्या, मग अग्निबाणाच्या मुखाच्या आणि अखेर सूर्याच्या पृष्ठभागाच्या बरोबरीस जाईल. २००४ सालीं त्याच कंपनीनें अधिक वेगवान असा पुढचा प्रोसेसर काढण्याचा आणि ४ गिगाहर्ट्झ गांठण्याचा असे दोन्हीं बेत सोडून दिले, आणि एका वेगवान गाभ्याऐवजीं दोन बेताचे गाभे एका तुकड्यावर बसविण्याचा मार्ग धरला. १९९३ पासून २००४ पर्यंतच्या अकरा वर्षांत घड्याळाची गति पन्नास पटींहून अधिक वाढली होती. त्यानंतरच्या वीस वर्षांत ती दुप्पटहि झाली नाहीं. वेगाची ही शर्यत थांबली ती कारागिरांची बुद्धि खुंटली म्हणून नव्हे, तर उष्णतेस बाहेर जाण्याची वाट खुंटली म्हणून.

ही वाट कशी असते, हें घरच्या संगणकांत पाहण्यासारखें आहे. सिलिकॉनच्या तुकड्यांत उत्पन्न झालेली उष्णता प्रथम त्यावरील धातूच्या झांकणांत जाते; झांकणावरून ठोकळ्याच्या तांब्याच्या तळांत; तेथून बहुधा चपट्या तांब्याच्या नळ्यांवाटे बारीक पात्यांत; आणि पात्यांवरून पंख्याच्या वाऱ्यानें खोलींत. ह्या नळ्या भरीव नसतात. त्यांत थोडेंसें पाणी कमी दाबाखालीं कोंडलेलें असतें. तें उष्ण टोकाशीं वाफ होऊन थंड टोकाकडे जातें, तेथें पुन्हां पाणी होतें आणि आंतील जाळींतून झिरपत परत येतें. मातीचा माठ ज्या तत्त्वावर पाणी थंड करितो, तेंच बाष्पीभवनाचें तत्त्व येथें बंद नळींत राबतें. १९४२ सालीं रिचर्ड गॉगलर ह्यांनीं ही कल्पना मांडली होती. ती विस्मृतींत गेली, आणि १९६३ सालीं लॉस ॲलॅमॉस येथें जॉर्ज ग्रोव्हर ह्यांनीं तिचें पुनरुज्जीवन केलें.

ह्या साऱ्या साखळींत दुबळी कडी एकच: झांकण आणि ठोकळा ह्यांमधला सांधा. डोळ्यांस आरशासारखे दिसणारे धातूचे दोन पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखालीं डोंगरदऱ्यांसारखे दिसतात. ते एकमेकांवर ठेवले असतां शिखरें शिखरांस टेकतात, आणि दऱ्यांत हवा अडकून राहते. हवा ही उष्णतेची मोठी वैरीण. तांबें हवेच्या सुमारें पंधरा हजार पट उष्णता वाहून नेतें. म्हणून त्या दऱ्या कशानें तरी भरून काढल्याच पाहिजेत. हें काम करणारा लेप म्हणजेच बाजारांत मिळणारी थर्मल पेस्ट. तिचा साधा प्रकार म्हणजे सिलिकोन नांवाच्या न वाळणाऱ्या तेलांत जस्ताची पांढरी भुकटी खललेली असते. त्वचेच्या मलमांत जी घालतात तीच ही भुकटी. उंची प्रकारांत तिच्या जागीं ॲल्युमिनियमचें ऑक्साइड, चांदी किंवा इतर द्रव्यांची पूड असते.

लेपाविषयीं लोकांत एक गैरसमज आहे कीं तो जितका जाड, तितका गुणकारी. वस्तुस्थिति उलट आहे. लेप हवेपेक्षां कित्येक पट चांगला असला तरी तांब्याच्या मानानें तो फार मंद आहे. १८२२ सालीं फूरिए ह्या फ्रेंच गणितज्ञानें उष्णतेच्या वहनाचा जो सिद्धान्त प्रसिद्ध केला, त्याप्रमाणें थर जितका जाड, तितकी उष्णतेची गति कमी. लेपाचें काम दऱ्या भरण्याचें आहे, शिखरांमध्यें नवी भिंत उभारण्याचें नाहीं. म्हणून येथें ‘थोडक्यांत गोडी’ हेंच खरें. जुना लेप शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलनें आणि धागे न सुटणाऱ्या फडक्यानें पुसून काढावा. पृष्ठभागास बोट लावूं नये. हरभऱ्याच्या डाळीएवढा नवा लेप मधोमध ठेवावा. ठोकळ्याच्या तळावर संरक्षक पापुद्रा असल्यास तो आधीं काढावा. आणि समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीनें थोडे थोडे आवळावे, म्हणजे दाब सर्वत्र सारखा पडून लेप आपोआप पसरतो. गॅलियमयुक्त द्रवधातूचे लेप ह्याहून पुष्कळच प्रभावी असतात. मेंडेलीफनें भाकित केलेला आणि १८७५ सालीं फ्रान्समध्यें सांपडलेला हा गॅलियम धातु ३० अंशांच्या आंतच वितळतो, म्हणजे मुंबईच्या चैत्रांत तो शिशींत पातळच असावयाचा. परंतु तो ॲल्युमिनियमला पोखरून ठिसूळ करितो, आणि वीजवाहक असल्यामुळें त्याचा एखादा थेंब भलतीकडे ओघळला तर मंडलाचा घात करितो. अनभ्यस्त हातानें त्याच्या वाटेस न जाणें बरें.

हा लेप अमर नाहीं. यंत्र रोज तापतें आणि निवतें; धातु प्रसरण पावतात आणि आकुंचन पावतात; ह्या हालचालींत लेप हळूहळू कडांकडे ढकलला जातो, त्यांतील तेल निघून जातें आणि मागें कोरडी भुकटी उरते. एनिॲकच्या तारा ज्या हेलकाव्यांनीं तुटत, त्याच हेलकाव्यांचा हा परिणाम. त्यांतच शहरांतील धूळ पात्यांमध्यें नमद्यासारखी बसते, किंवा मांडीवरचा संगणक गादीवर ठेवल्यानें त्याच्या पोटाखालचे झरोके बुजतात. अशा वेळीं आजचा प्रोसेसर जळत नाहीं. १०० अंशांच्या आसपास पोंचतांच तो स्वतःच आपली गति उतरवितो. हें संरक्षण उत्तम. पण त्यामुळें रोग झांकला जातो. यंत्र मंद झालें, अडखळूं लागलें, कीं तें म्हातारें झालें असें घरांत ठरतें, आणि नव्याचा खर्च अंगावर घेतला जातो. जुन्याची बुद्धि शाबूत असते. त्याचा केवळ श्वास कोंडलेला असतो. चिमूटभर लेप आणि धूळ झाडण्याचा अर्धा तास एवढ्यानें जें यंत्र आणखी तीन-चार वर्षें मुलांच्या अभ्यासास उपयोगी पडलें असतें, तें भंगारांत जातें. मध्यमवर्गीय कुटुंबास हा तोटा क्षुल्लक नाहीं, आणि भंगाराचे ढीग ज्या वस्तींत फोडले जातात तेथील लोकांसहि नाहीं.

संगणक कधीं काळीं पूर्णपणें शीतल होईल काय, ह्या प्रश्नास १९६१ सालीं रॉल्फ लँडाउअर ह्या भौतिकशास्त्रज्ञानें मार्मिक उत्तर दिलें. हिशेब करण्यास उष्णता लागेलच असें नाहीं, परंतु केलेला हिशेब पुसण्यास लागते, असें त्यानें सिद्ध केलें. स्मृतींतील ‘होय’ किंवा ‘नाहीं’ असा एक एक अंश पुसतांना निसर्गास उष्णतेच्या रूपानें ठराविक किमान मोल द्यावेंच लागतें. हें मोल अत्यंत सूक्ष्म आहे. आजचीं यंत्रें त्याहून कित्येक पट अधिक देतात. परंतु तें शून्य नाहीं, आणि २०१२ सालीं फ्रान्समधील लियों येथें प्रयोगानें त्याची प्रचीतीहि आली. पाटी पुसावयाची आणि पुन्हां लिहावयाची, हाच ज्या यंत्राचा धर्म, त्यास हें मोल चुकवितां यावयाचें नाहीं.

आज हा प्रश्न पुन्हां मोठ्या प्रमाणावर समोर आला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामासाठीं २०२२ सालीं निघालेला एन्व्हिडिया कंपनीचा ‘एच-१००’ हा एकच प्रोसेसर ७०० वॅटपर्यंत वीज घेऊं शकतो. असे हजारों एका इमारतींत ठेवले जातात. अशा इमारतींतून पंख्यांच्या जागीं पाण्याचे नळ आणि वीज न वाहणारे द्रव पुन्हां येऊं लागले आहेत. क्रे आणि आय.बी.एम. ह्यांनीं चाळीस वर्षांपूर्वीं चोखाळलेल्या वाटाच त्या. फिनलंडमधील हामिना येथें गूगलनें कागदाच्या एका जुन्या गिरणींत असें केंद्र थाटून समुद्राच्या थंड पाण्यानें तें निवविलें आहे. नवी मुंबईंतहि अशीं मोठीं केंद्रें उभीं राहिलीं आहेत, कारण समुद्रतळावरून येणाऱ्या दळणवळणाच्या तारा मुंबईच्या किनाऱ्यास लागतात. परंतु येथील समुद्र शीतल नाहीं आणि हवाहि नाहीं. तेव्हां येथें थंडावा विकतच घ्यावा लागतो, आणि त्याची किंमत वीज व पाणी ह्या दोन्हीं रूपांनीं चुकवावी लागते. ती कोणी आणि किती चुकवावी, हा पुढच्या काळाचा सार्वजनिक प्रश्न होय.

तात्पर्य, संगणकाच्या इतिहासांत उष्णता हा आगंतुक रोग नसून तो कामाचाच दुसरा चेहरा आहे. व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले. एका गाभ्याचे अनेक गाभे झाले. प्रत्येक वेळीं उष्णता कमी झाली नाहीं, तिची फक्त जागा बदलली. जीं यंत्रें टिकलीं, तीं उष्णतेस वाट करून दिल्यामुळें टिकलीं. ती वाट कोठें नद्यांच्या आणि सागरांच्या पाण्यापर्यंत जाते, तर कोठें झांकण आणि ठोकळा ह्यांमधील केसाहून पातळ थरापाशीं अडते. घरच्या माणसाच्या हातीं ह्यांपैकीं दुसरीच जागा आहे. आणि तेथें वर्षा-दोन वर्षांनीं एकदां लक्ष दिलें, तर तेवढें पुरेसें आहे.